‘संबंध आहेत’ म्हणजे नक्की काय केलं? प्रचाराच्या दिवसांत या चुका टाळा

गेल्या निवडणुकीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका फ्लेक्सचा फोटो फिरला. वाढदिवसाचा फ्लेक्स, मधोमध हात जोडलेला उमेदवार, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइझचे पंचवीसेक चेहरे. त्यातल्या एका चेहऱ्याभोवती लाल गोल. हा गृहस्थ खंडणीच्या प्रकरणात आत जाऊन आलेला. खाली ओळ : ‘साहेबांचे संबंध बघा!’

फ्लेक्स कसा तयार होतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हसू येईल. रात्री उशिरा पोरं आपापले फोटो फ्लेक्सवाल्याला पाठवतात, वर्गणी जास्त देणाऱ्याचा चेहरा जरा मोठा होतो, आणि सत्कारमूर्तीला तो बहुतेक वेळा चौकात लागल्यावरच दिसतो. पण ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ हे आपल्या हाडीमाशी खिळलंय. पवळ्याला तिथे बांधलं कुणी, हे विचारायचं राहून जातं.

फोटो दिसला की खटला संपला

या खेळाचा सगळ्यात गाजलेला नमुना अमेरिकेतल्या मेरीलँडचा आहे. १९५० साली सिनेटर मिलार्ड टायडिंग्ज यांच्या समितीने सिनेटर जोसेफ मॅकार्थीचे ‘परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरलेत’ हे आरोप बनावट ठरवले. त्याच वर्षी टायडिंग्ज यांची निवडणूक होती. मतदानाच्या तोंडावर विरोधी उमेदवार जॉन मार्शल बटलर यांच्या बाजूने चार पानी पत्रक घरोघर गेलं. त्यातल्या एका फोटोत टायडिंग्ज कम्युनिस्ट नेता अर्ल ब्राउडरचं बोलणं मन लावून ऐकताना दिसत होते. प्रत्यक्षात टायडिंग्ज यांचा फोटो १९३८ मधला, रेडिओ ऐकतानाचा. ब्राउडरचा फोटो १९५० चा. दोन्ही कापून शेजारी चिकटवलेले. गंमत म्हणजे फोटोखालच्या मजकुरात हे चित्र जोडून केलेलं आहे, असं लिहिलंही होतं. बारीक अक्षरात कोण वाचतो? शिवाय ब्राउडरला १९४६ मध्ये त्याच्याच पक्षाने काढून टाकलं होतं, तेही कुणाला आठवलं नाही. टायडिंग्ज सुमारे ४३ हजार मतांनी पडले. पराभवाची कारणं आणखीही होती, पण तो फोटो इतिहासात राहिला.

इथे लोक ‘फोटो खरा की खोटा’ एवढंच तपासतात आणि खरा निघाला की गप्प बसतात. मला ही जास्त मोठी चूक वाटते. समजा, टायडिंग्ज खरोखरच ब्राउडरसमोर बसले असते, तरी काय? ब्राउडर त्या समितीपुढे साक्षीला आलाच होता, आणि समितीचा अध्यक्ष साक्षीदाराचं ऐकणारच. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात आणि दहाव्याला पुढाऱ्याशेजारी कोण उभं राहत नाही? म्हणून ‘संबंध आहेत’ हे वाक्य आलं की क्रियापद मागायचं. पैसे घेतले? ठेका दिला? पोलिसांना फोन केला? नुसतं ‘उभा होता’ हे क्रियापद असेल, तर प्रकरण तिथेच थांबतं.

आकड्याने दिपून जाणं

त्याच १९५० मध्ये कॅलिफोर्नियात सिनेटच्या निवडणुकीत, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रिचर्ड निक्सन यांनी प्रतिस्पर्धी हेलन गहॅगन डग्लस यांच्याविरुद्ध गुलाबी कागदावर पत्रक छापलं. त्यात लिहिलं होतं की न्यूयॉर्कचे डावे खासदार व्हिटो मार्कान्टोनिओ आणि डग्लस यांनी ३५४ वेळा एकसारखं मतदान केलं. लाल नाही तर निदान गुलाबी, हा इशारा कागदाच्या रंगातच होता. ३५४ हा आकडा भारदस्त वाटतो, पण किती मतदानांपैकी, कशावर, आणि त्या वेळी डग्लस यांच्या पक्षातले बाकीचे कुणीकडे होते? पुष्कळ मतदान रोजच्या कामकाजाचं असतं. हीच फुटपट्टी लावून डग्लस यांच्या गोटाने मोजलं, तेव्हा खुद्द निक्सनही शंभराहून जास्त वेळा मार्कान्टोनिओंच्या बाजूने निघाले.

वादच घालायचा, तर एक खरा मुद्दा होता. १९४७ मध्ये कम्युनिस्टांना रोखण्यासाठी ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत देण्याच्या विधेयकाविरुद्ध डग्लस यांनी मत दिलं होतं. ‘का दिलं?’ असं भर सभेत विचारता आलं असतं. हे त्यांचं स्वतःचं कृत्य होतं आणि उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं.

तेच हत्यार उलटं फिरवणं

इथे डग्लस यांचंही चुकलं. कोरियाला मदत देण्याच्या प्रश्नावर निक्सनच मार्कान्टोनिओंच्या बाजूने गेले, असा प्रचार त्यांच्या बाजूने पिवळ्या कागदावर झाला. म्हणजे मार्कान्टोनिओंच्या पंगतीला बसणं हाच गुन्हा, हे त्यांनी आपणहून मान्य केलं! मग भांडण उरलं ते कोण किती वेळा बसलं याचं, आणि त्यात निक्सन त्यांना ऐकणारे नव्हते. ते दणदणीत जिंकले. ‘ट्रिकी डिक’ (लबाड डिक, डिक म्हणजे रिचर्ड) हे नाव मात्र त्याच प्रचारापासून त्यांना जन्मभर चिकटलं.

अर्धवट उत्तर देणं

हे उमेदवाराच्या कार्यालयात बसणाऱ्यांसाठी. ‘आम्ही त्याला ओळखतही नाही’ असं घाईत बोलू नका, दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो येतो. २००८ च्या एप्रिलमध्ये एका वादसभेत राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असलेल्या बराक ओबामांना बिल एअर्सबद्दल विचारलं. हा एकेकाळी बॉम्बस्फोट घडवणाऱ्या गटातला, पुढे शिकागोत प्राध्यापक झालेला. ओबामा म्हणाले, तो माझ्या भागात राहतो. ते खरं होतं, पण दोघे एका संस्थेच्या संचालक मंडळावर एकत्र होते आणि १९९५ मध्ये ओबामांसाठी एअर्सच्या घरी एक बैठकही झाली होती. हे तेव्हाच, एका दमात सांगितलं असतं, तर ऑक्टोबरमध्ये विरोधी पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांना ‘दहशतवाद्यांशी सलगी’ म्हणायला एवढा वाव मिळाला नसता. तो गट स्फोट घडवत होता तेव्हा ओबामा शाळेत होते, हे जोरकस उत्तर हाताशी असूनही अर्धं वाया गेलं.

सगळंच ‘बदनामी’ म्हणून उडवणं

संगत काही वेळा खरोखरच मुद्द्याची असते. भाच्याच्या कंपनीलाच दर वर्षी रस्त्याचं काम मिळत असेल, तर तिथे क्रियापद आहे. उमेदवारावरचे गुन्हे आणि मालमत्ता त्याच्या शपथपत्रात असतात, दहा मिनिटांत वाचून होतात. छापील पत्रक हातात आलं तर तळाशी बघा : लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ क प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे. ते नसेल तर लोकसभा-विधानसभेच्या वेळी निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिलवर मोबाइलवरून तक्रार करता येते. फक्त, तिथे गॅलरीतला फोटो चालत नाही, जागेवर काढलेलाच लागतो. म्हणजे लाल गोलवाला तो फॉरवर्ड तिथे चढवताच आला नसता.