पोटगी थकली? आधी तक्ता मांडा

मी पतसंस्थेत वसुलीला आहे. दुसऱ्याचा हप्ता चुकला की तिसऱ्या दिवशी फोन करणारी मी, पण स्वतःच्या लेकीची पोटगी थकली तेव्हा चौदा महिने गप्प बसले. 'पुढच्या महिन्यात देतो' हे ऐकत राहिले. महिना 6,000, म्हणजे 84,000. वकीलबाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "यातले दोन महिने वॉरंटातून गेले."

ते असं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 चा आदेश असेल (1 जुलै 2024 पासून हेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144), तर वसुली वॉरंटासाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. तेव्हा दहा-अकरा महिने जमू देऊ नका. तीन महिने थकले की अर्ज टाका. घटस्फोटाच्या दाव्यात दिवाणी आदेश झाला असेल तर त्याची दरखास्त (आदेश अमलात आणण्याचा अर्ज) दाखल होते, तिची मुदत 12 वर्षं. तुमचा आदेश कोणत्या कलमाखाली झाला आहे, हे पहिल्या पानावरच वाचून घ्या. अर्ध्याअधिक गोंधळ तिथेच मिटतो.

मग तक्ता. महिना, देय तारीख, देय रक्कम, जमा, बाकी. सोबत बँकेचं पूर्ण स्टेटमेंट. आमच्या साहेबांनी, म्हणजे लेकीच्या वडिलांनी, कोर्टात सांगितलं, "रोख दिलेत." पावती विचारल्यावर खाली बघत बसले. पैसे खात्यावरच घ्या, पाचशे रुपये असले तरी. आदेशाची प्रत पोटगी मिळणाऱ्याला फुकट देण्याची तरतूद कायद्यातच आहे, हे मला फार उशिरा कळलं.

अर्ज कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. माणूस दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात गेला असेल तर तो जिथे आहे तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडूनही आदेश अमलात आणता येतो. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाई असेल किंवा मूल असेल तर मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

खरी मेहनत त्याच्याकडे काय आहे हे शोधण्यात. वसुलीतली माणसं एवढं शिकलेली असतात की पत्ता नुसता 'पुणे' असेल तर बेलीफ हात हलवत परत येतो. घराचा पक्का पत्ता, नोकरीचं ठिकाण, गाडीचा नंबर, गावाकडचा सातबारा, जे मिळेल ते अर्जाला जोडा. जमीन असेल तर कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली लावू शकतं. दिवाणी दरखास्तीत पगार जप्त होतो, आणि पोटगीच्या बाबतीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीतून वाचतो. सावकाराला इतकं कधीच मिळत नाही. घरगुती हिंसाचार कायद्याखालचा आदेश असेल तर कलम 20 खाली तो नोकरी करतो त्या मालकालाच 'पगारातून परस्पर भरा' असा हुकूम देता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं. मूळ खटल्यातलं त्याचं शपथपत्र काढून वाचा, बँकांची नावं त्यातच सापडतील.

तरीही दिले नाहीत तर कैद, एक महिन्यापर्यंत. पैसे भरले की सुटका. "एक महिना आत बसतो, हिशेब मिटला," असं म्हणणारे भेटतात. मिटत नाही. 1989 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कैद हा वसुलीचा मार्ग आहे, तिने रक्कम फिटत नाही.

आणि "मुलीला भेटू देत नाही, मग पैसे कशाला?" याला उत्तर देत बसू नका. भेटीसाठी त्याने वेगळा अर्ज करावा. पोटगी लेकीची आहे.

आमचे 72,000 वॉरंट निघाल्यावर दोन हप्त्यांत आले. ते सुरू असतानाच पुढचे तीन महिने पुन्हा थकले. त्यांचा अर्ज वेगळा टाकला, तक्ता तोच, फक्त तीन ओळी वाढल्या.