माळ्यावर खोली काढताय? या चुका टाळा

खाली माणसांची दाटी आणि वर माळा रिकामा, मग तिथंच एक खोली का काढू नये? विचार रास्त आहे. पाया खणायचा नाही, भिंती बऱ्याचशा उभ्या आहेत, डोक्यावर छप्पर आहेच. पण माळा रिकामा दिसला तरी रिकामटेकडा नसतो. छपराच्या रेट्यानं भिंती बाहेर झुकू नयेत म्हणून त्यातली लाकडं ताण धरून असतात. उन्हाची झळ तो खाली पोचू देत नाही. कौलांखाली धरलेली ओल फटींतून येणाऱ्या वाऱ्यावर सुकवतो. आपण तिथं पलंग टाकायला निघतो तेव्हा यातलं एखादं काम नकळत बंद पाडतो, आणि ते काम दुसऱ्या कुणाकडे सोपवायचं विसरतो.

डोक्याला लागणारी लाकडं कापणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू. दोन बाजूंचे तिरके वासे वर आढ्याशी भेटतात. छपराच्या वजनानं त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. खालची आडवी तुळई त्या पायांना बांधून ठेवते, आणि कैचीचं (त्रिकोणी लाकडी सांगाड्याचं) छप्पर असेल तर मधल्या तिरक्या दांड्याही भार वाटून घेतात. नेमक्या याच दांड्या वावरताना आड येतात. सुतार म्हणतो, "ही एक काढली तर काय होतंय?" त्या दिवशी खरंच काही होत नाही. म्हणूनच ही चूक इतकी होते.

काही महिन्यांनी, एखाद्या जोराच्या पावसा-वाऱ्यानंतर, भिंतीच्या वरच्या टोकाशी आडवी चीर दिसते. बाहेरून पाहिलं तर आढ्याची सरळ रेघ मध्येच बसलेली असते. खालच्या मजल्यावरचं दार चौकटीत अडकू लागतं. असं काही दिसलं तर चिरेत लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारू नका; त्यानं फक्त पुरावा झाकला जातो. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजून ठेवा. चीर वाढत असेल तर वर वावरणं बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. दांडी काढायचीच असेल, तर तिचा भार घेणारी नवी तुळई आधी बसवतात आणि जुनी नंतर कापतात. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

छतालाच जमीन समजणं

माळ्यावरच्या तुळया बहुतेकदा खालच्या खोलीचं छत टांगण्यापुरत्या असतात. राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला साधारण 150 ते 200 किलो भार धरून आखतात. छताच्या तुळयांची ताकद याच्या पाव भागाहूनही कमी असू शकते. "पण इतकी वर्षं ट्रंका ठेवल्यात की!" ट्रंका नाचत नाहीत. त्या भिंतीकडेला गप्प बसतात. माणसं मधोमध चालतात, पोरं पलंगावरून उड्या मारतात.

वर नुसता जाड प्लाय ठोकून हा प्रश्न सुटत नाही. जमीन दबते, कुरकुरते, आणि खालच्या छताला तुळयांच्या रेघेनं बारीक चिरा जातात. उपाय म्हणजे जुन्या तुळयांच्या शेजारी नव्या टाकणं. त्यांची टोकं भार पेलणाऱ्या भिंतींवर टेकलेली हवीत, मधल्या पातळ आडभिंतीवर नव्हे. तुळई निवडताना एक हिशोब लक्षात ठेवा: रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण उभी उंची दुप्पट केली तर तो आठपट होतो. म्हणून तुळई आडवी न टाकता उभी टाकतात. नव्या तुळया खालच्या छताला टेकू न देता थोड्या वर ठेवल्या तर पावलांचा आवाजही खाली कमी जातो.

उंची आत्ताच मोजून मोकळं होणं

फुटपट्टी लावली, आढ्याखाली 2.40 मीटर भरले, खूश झालो. मग नव्या तुळयांनी 8 सेंटीमीटर खाल्ले, प्लायनं 2, वरच्या इन्सुलेशननं (उष्णता अडवणाऱ्या थरानं) आणि छताच्या फळ्यांनी 10. उरले 2.20, आणि तेही फक्त आढ्याच्या खाली. छपराचा उतार 45 अंशांचा असेल तर बाजूला एक मीटर सरकताच पूर्ण एक मीटर उंची जाते. 30 अंशांचा असेल तर सुमारे 58 सेंटीमीटर. पण कमी उताराचं छप्पर मुळातच ठेंगणं असतं, त्यामुळे तिथं हुरळून जाण्यात अर्थ नाही.

नकाशा काढण्याआधी जागेवरच एक खेळ करा. तयार जमिनीपासून 2 मीटर उंची येईल तिथं दोन्ही पाख्यांना सुतळी बांधा आणि दोन सुतळ्यांच्या मधल्या भागावर वर्तमानपत्रं अंथरा. ताठ उभं राहता येईल ती जागा तेवढीच. बाकीच्या जागेत पलंग, बसकं कपाट, लिहायचं मेज असं बसून-झोपून वापरायचं सामान जातं. हे करताना तुळयांवर आडव्या फळ्या टाकून त्यांवरच पाय द्या. दोन तुळयांच्या मधोमध पाय पडला तर तो खालच्या खोलीत निघतो.

जिना शेवटी ठरवणं

खोलीचा नकाशा झाला, आता जिना कुठंतरी बसवू, असं म्हणणाऱ्याला जिना शेवटी खोलीच्या पोटातच बसवावा लागतो. दोन मजल्यांच्या जमिनींत 2.80 मीटर अंतर असेल तर साधारण 18.7 सेंटीमीटरच्या 15 चढणी होतात. पाय ठेवायच्या पायऱ्या 14. प्रत्येकी 25 सेंटीमीटर धरली तर सरळ जिना साडेतीन मीटर लांब जातो. शिवाय वर पोचताना डोक्यावर 2 मीटर हवेत, म्हणजे जिन्याचं तोंड शक्यतो आढ्याखालीच उघडायला हवं. जी उंच जागा तुम्ही खोलीसाठी राखली होती, तिच्यावर पहिला हक्क जिन्याचा.

घडीच्या शिडीवर भागवावं असा मोह होतो. सामान ठेवायला शिडी ठीक आहे. रोज झोपायला जाणाऱ्या माणसाला रात्री अर्धवट झोपेत शिडी उतरायला लावू नये. आणि वळणाचा जिना करणार असाल तर पलंग, गादी, कपाट वर कसं जाणार हे आधी मोजा. जिना झाल्यावर पलंग कापून नेलेली घरं मी पाहिली आहेत.

उन्हाला कमी लेखणं

दिवसभर तापलेलं छप्पर रात्री उशिरापर्यंत आत झळ सोडत राहतं. पंखा तीच गरम हवा फिरवतो. त्यावर लोक चकाकता फॉइल कौलांना किंवा पत्र्याला घट्ट चिकटवतात, आणि फरक पडत नाही म्हणून दुकानदाराला नावं ठेवतात. फॉइल उष्णता परतवतं ते त्याच्या चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी असेल तरच. निदान अडीच सेंटीमीटर. दोन्ही बाजूंनी दाबून टाकलेलं फॉइल उष्णता सरळ पुढं पाठवतं. चकचकीत बाजू खाली ठेवली तर तिच्यावर धूळही बसत नाही.

जाड इन्सुलेशन भरताना उलट चूक होते: वळचणीच्या फटी ठासून बंद केल्या जातात. छपराच्या आतल्या बाजूला वळचणीपासून आढ्यापर्यंत सुमारे 5 सेंटीमीटरच्या पोकळीतून वारा वाहता राहिला पाहिजे. नाहीतर खोलीतल्या श्वासाची, ओल्या कपड्यांची वाफ थंडीत छपराला लागून पाणी होते, फळ्यांवर काळी बुरशी धरते आणि घरमालक वर्षभर न सापडणारी गळती शोधत बसतो. डाग थंडीच्या सकाळी उमटत असतील आणि पावसात नाही, तर तो पाऊस नव्हे, वाफ आहे.

बाथरूमचा हट्ट

जमत असेल तर टाळा, असं माझं मत. करायचंच असेल तर खालच्या बाथरूमच्या डोक्यावरच करा. सांडपाण्याच्या आडव्या पाइपला 40 ला 1 असा उतार धरला तर 4 मीटर अंतराला 10 सेंटीमीटर उंची लागते, आणि ती तुळयांच्या पोटात सापडत नाही. तुळईला भोकं पाडून पाइप नेणं म्हणजे पहिल्या चुकीकडे परतणं. दुसरं, टाकी जवळपास त्याच उंचीवर असेल तर शॉवरला करंगळीएवढी धार येते. टाकीतलं पाणी शॉवरच्या 1 मीटर वर असेल तर दाब मिळतो फक्त 0.1 बार. टाकी उंच करा किंवा पंप बसवा. नळ बदलून काही होत नाही.

थोडक्यात, पण विसरू नका

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते) असू शकतं. ते कापू, घासू, भोकं पाडू नका. आधी जाणकाराकडून तपासून घ्या. विजेच्या जुन्या वायरी इन्सुलेशनखाली गाडल्या की तापतात. वरच्या खोलीला वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज आपोआप तोडणारा स्विच) द्या. धूर आधी वर चढतो, म्हणून माळ्यावर धुराचा अलार्म आणि माणूस बाहेर पडू शकेल एवढी उघडणारी खिडकी हवीच. वासे, तुळया ठिकठिकाणी पेचकसानं टोचून पाहा. तो लोण्यात शिरावा तसा गेला तर आत वाळवी आहे, आणि खोलीचा विचार तिच्यानंतर. बांधकामाची परवानगी काम सुरू होण्याआधी घ्यायची असते. परवानगीशिवाय काढलेली खोली घर विकताना खोली म्हणून मोजली जात नाही.

गळती आधी, फळ्या मग

छताला आतून फळ्या लावल्या की गळकं भोक कायमचं दृष्टीआड होतं. पाणी जिथं टपकतं तिथं बहुधा शिरत नाही. ते वरून कुठूनतरी येऊन वाशाच्या अंगानं वाहत खाली सरकतं. म्हणून डागापासून उताराच्या वरच्या दिशेनं शोधत जा. पावसाची वाट पाहायची नसेल तर नळीनं पाणी सोडून पाहा. सुरुवात वळचणीपासून करा आणि हळूहळू वर सरका, एकेका जागी दहा-पंधरा मिनिटं थांबून. एकानं बाहेर नळी धरायची, दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून एकदमच वाहतं आणि काहीच कळत नाही. छपरात बसवलेल्या खिडकीच्या चारही कडांवर जास्त वेळ द्या, खासकरून वरच्या कडेवर. पाणी अडतं ते तिथंच.