साताऱ्यातून चित्रपटनिर्मिती: आधी कथेचे हक्क

साताऱ्यात राहून स्वतंत्र निर्माता व्हायचे असेल, तर कॅमेऱ्याचे भाडे विचारण्याआधी कथेचे हक्क लेखी घ्यावेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क ५ वर्षांपुरतेच आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच मिळाले, असे धरले जाते. मित्राच्या शब्दावर विसंबून चित्रीकरणानंतर कागदासाठी धावपळ करण्याची वेळ माझ्यावर आली होती, म्हणून हे कळकळीने सांगतो.

मग अंदाजपत्रक. मेणवलीच्या घाटावर चित्रीकरण करायचे तर परवानगी, वाईतला मुक्काम, जनरेटरचे डिझेल आणि पावसाने वाया जाणारे दिवस त्यात धरावेत; कृष्णेचे पाणी पायऱ्यांवर कुठवर चढते, हे आदल्या पावसाळ्यात स्वतः पाहून यावे. प्रदर्शनाची तारीख सेन्सॉर प्रमाणपत्र हाती आल्यावरच जाहीर करावी.