नागपूरहून इमॅजिका: गाडीनं निघायचं की नाही, हे कसं ठरवाल

नकाशा उघडायच्या आधी घरातली मोजपट्टी शोधा. पोराला चपला काढून दाराच्या चौकटीला टेकवून उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि पेन्सिलनं रेघ मारा. किलोमीटर, पेट्रोल, हॉटेल हे सगळं त्यानंतर. आम्ही नेमकं उलट केलं होतं, म्हणून हे आधी सांगते.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही नागपूरहून खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला गेलो. समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत सुरू होऊन पाच महिने झाले होते आणि ओळखीतला जो तो म्हणत होता, "आता मुंबई काय, चहा पिऊन निघा अन् जेवायला पोचा." पहाटे पाचला निघालो. गाडी एकटा नवराच चालवत होता. शिर्डीनंतर जुना रस्ता, त्यात ट्रकांच्या रांगा, खोपोलीत टेकायला रात्रीचे साडेनऊ झाले. सकाळी मुलांचे डोळे उघडत नव्हते. धाकटा तेव्हा सात वर्षांचा. वर्षभर तो नायट्रोचे व्हिडिओ बघत होता. पायाखाली फळी नसलेला तो रोलरकोस्टर, सुमारे ४० मीटर उंच, वेग ताशी शंभराच्या वर. उंचीच्या पट्टीखाली उभा राहिला तर चांगला वीतभर कमी. तिथल्या मुलीनं खाली बसून त्याला समजावलं, आणि नियम त्याच्या जिवासाठीच होता. पण सोळा तास गाडीत बसून आलेल्या पोराला ते कसं पटणार? तो पट्टीजवळून हलेचना. दोन मिनिटं घरीच खर्च केली असती तर ही वेळ आली नसती.

तरीही "लहान मुलांना घेऊन जाऊच नका" असं मी म्हणणार नाही. माझं बालपण टीव्हीवर एस्सेलवर्ल्डच्या जाहिराती बघण्यात गेलं. दर उन्हाळ्यात बाबा म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." नागपूर ते मुंबई, पुढे बोटीनं गोराई, चार माणसांचा खर्च, त्यांना जमलं नाही आणि त्याचा मला राग नाही. १९८९ साली सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं. बातमी वाचली त्या दिवशी वाटलं, काही गोष्टींना एक वय असतं आणि ते निघून जातं. म्हणून जायचं की नाही हे नीट ठरवावं असं मला मनापासून वाटतं. नाही म्हणायचं तर विचार करून म्हणा, आणि हो म्हणायचं तरी विचार करूनच.

तर उंची. पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडसमोर किमान उंची दिलेली असते. कागदावर दोन रकाने करा, तुमच्या मुलाला चालतील त्या एकीकडे, नाही चालणार त्या दुसरीकडे. मग ज्या राइडचा त्याला ध्यास लागला आहे ती कोणत्या रकान्यात आली, ते बघा. ती नाहीच्या रकान्यात असेल तर बाकी दहा हो असून उपयोग नाही. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, तेव्हा किती थांबावं लागेल याचा अंदाजही लगेच येतो. फरक दोन बोटांचा असेल तर वर्षभर थांबा. वीतभराचा असेल आणि मूल समजूतदार असेल तर त्याला आधीच सांगा, कागद त्याच्या हातात द्या आणि त्यालाच ठरवू द्या. दोन मुलांच्या वयात अंतर असेल तर आणखी एक गोष्ट आहे. मोठीला मोठ्या राइडवर जायचं असतं, धाकट्याला जाता येत नाही, म्हणजे एक मोठा माणूस दिवसभर धाकट्याजवळ. आई-बाबांनी पाळी पाळीनं हे करायचं, असं घरून निघतानाच ठरवून टाका.

आता घरातलं सगळ्यात मोठं माणूस. माझ्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखरे. त्यांना मी सरळ विचारलं, "आई, तुम्हाला यायचं आहे का? नको असेल तर मनमोकळं सांगा." त्या म्हणाल्या, "येईन बाप्पा, पण मला रांगेत नका उभं करू." आपण म्हाताऱ्या माणसांना गृहीत धरतो. घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून गाडीत बसवतो आणि मग पार्कातल्या बाकावर आठ तास पिशव्या राखायला लावतो. हे मला पटत नाही. त्यांच्यासाठी त्या प्रवासात काय आहे, याचं उत्तर मिळालं तरच निघावं.

खोपोलीच्या बाबतीत ते उत्तर फार छान आहे. महडचा वरदविनायक खोपोलीपासून अगदी जवळ, आणि इमॅजिका ज्या रस्त्यावर आहे तोच रस्ता पुढे पालीच्या बल्लाळेश्वराला जातो. सासूबाईंचे अष्टविनायकातले सहा झाले होते, हेच दोन राहिले होते. महडला १८९२ पासून नंदादीप अखंड तेवतो आहे असं सांगतात. दुसऱ्या खेपेला, २०२५ च्या नोव्हेंबरात, त्या दिव्यासमोर त्या किती वेळ बसल्या होत्या! पार्कच्या दिवशी त्या हॉटेलवरच थांबल्या, दुपारी मी जेवायला जाऊन आले. आधीच्या खेपेला हे सुचलंच नव्हतं.

आता दिवस मोजू. खरा निर्णय इथेच होतो, म्हणून घाई करू नका. समृद्धी पूर्ण ७०१ किलोमीटर, नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे. ५ जून २०२५ पासून सगळा रस्ता खुला झाला आहे. त्यापुढे खोपोलीपर्यंत आणखी ऐंशीएक किलोमीटर, कल्याण-शीळ-पनवेलकडून. हे ऐंशी अंतरानं कमी आणि वेळेनं भारी आहेत, संध्याकाळी तर फारच. लहान मुलं बरोबर असतील तर एका दिवसात हे करू नका. दुसऱ्या खेपेला आमची मांडणी अशी होती: पहिला दिवस नागपूर ते शिर्डी, ५२० किलोमीटर, संध्याकाळी दर्शन. दुसऱ्या दिवशी उरलेलं अंतर, दुपारी खोपोली, मुलं लवकर झोपली. तिसरा दिवस पार्क. चौथ्या दिवशी सकाळी महड-पाली, मग परत फिरून मुक्काम छत्रपती संभाजीनगरला. पाचव्या दिवशी घर. पाच दिवसांतला एक पार्कचा. रात्री मुलं झोपली की नवरा-बायकोनं शांतपणे एकमेकांना विचारायचं, बाकीचे चार दिवस आपल्याला आवडतील का? शिर्डी, महड, इगतपुरीचा तो आठ किलोमीटरचा बोगदा, वाटेतलं खाणं, गाडीतल्या गप्पा, यात तुम्हाला आनंद असेल तर निघा. हे चार दिवस नुसते काढायचे वाटत असतील तर रेल्वेनं जा.

आणि रेल्वेचा पर्याय खरंच चांगला आहे. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसनं निघालं की सकाळी कल्याण. तिथून टॅक्सी करता येते, सामान कमी असेल तर खोपोली लोकलही आहे. रजा दोन दिवसांनी वाचते.

खर्चाचा हिशोब आमचा असा होता. जाऊन-येऊन आणि इकडेतिकडे मिळून १,६५० किलोमीटर. आमची गाडी लिटरला सतरा देते, म्हणजे ९७ लिटर पेट्रोल, दहा हजारांच्या थोडं वर. समृद्धीचा टोल २०२५ च्या एप्रिलपासून कारला किलोमीटरमागे २.०६ रुपये, पूर्ण रस्त्याला एका बाजूनं १,४४५ च्या आसपास. त्यात चार मुक्काम धरा: शिर्डी एक, खोपोली दोन, संभाजीनगर एक. पार्कच्या तिकिटाचे दर तारखेनुसार बदलतात, मधल्या वारी स्वस्त पडतात. मुलांचं तिकीट वयावर आहे की उंचीवर, तेही तेव्हाच बघून घ्या.

गाडी चालवणारी माणसं दोन हवीत. याबाबत मी तडजोड करत नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस पेटली आणि पंचवीस माणसं गेली. ती नागपूरहून पुण्याला निघालेली होती. महिन्याभरापूर्वीच आम्ही त्याच रस्त्यानं, एका थकलेल्या चालकाच्या भरवशावर, मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांना घेऊन गेलो होतो. बातमी वाचून माझे हात गार पडले. त्या वर्षी मी महामार्गावर गाडी चालवायला शिकले. समृद्धी सरळ आहे, रिकामा आहे, आणि त्यामुळेच डोळे उघडे असूनही मेंदू पेंगतो. दर दीड तासाला चालक बदलायचा, झोप आलेली नसली तरी बदलायचा. कारला १२० ची मर्यादा आहे, आम्ही शंभरच्या वर जात नाही. कडेला गाडी उभी करायची नाही, थांबायचं ते पंपावर.

टायर निघायच्या आठवडाभर आधी तपासा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२२१ असेल तर तो २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसली तरी जुन्या टायरवर विसंबू नका. हवा सकाळी, टायर गार असताना भरा. तापलेल्या काँक्रीटवर ताशी शंभरनं तासन् तास पळताना टायरची खरी परीक्षा असते.

कधी जायचं? मे महिन्यात नको. नागपुरात पंचेचाळीस अंश, खोपोलीत दमट उकाडा, आणि सगळ्या राज्याच्या सुट्ट्या एकदम. दिवाळीच्या सुट्टीत रांगाच रांगा. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जूनच्या मध्यानंतरचा तो आठवडा आपल्यालाच मिळतो. गर्दी कमी असते खरी, पण खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे, पाऊस कोसळतो आणि जोराच्या पावसात, विजांत मोठ्या राइड थांबवाव्या लागतात. मुलांचा जीव रोलरकोस्टरमध्ये असेल तर हा जुगार खेळू नका. आम्ही नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, मंगळवारी गेलो. शाळेचे पाच दिवस बुडाले. वर्गशिक्षिकेला आधी भेटून सांगितलं, अभ्यास सोबत नेला.

अजूनही मन होत नसेल तर शेगावला जाऊन या. नागपूरहून तीनेकशे किलोमीटर. त्या एका खेपेत कळतं की धाकट्याला मोबाइल बघितला की उलटी होते, आजीला दर किती वेळानं पाय मोकळे करावे लागतात, तिखट-मिठाच्या पुऱ्या किती लागतात. परतीच्या वाटेवर मुलं कंटाळून भांडली की गात होती, ते लक्षात ठेवा. आमच्याकडे शेगावच्या परतीतच ठरलं.

ठरेपर्यंत मात्र मुलांसमोर शब्द काढू नका. आणि उत्तर "या वर्षी नाही" असं आलं तर "बघू" म्हणू नका. त्यांना चौकटीपाशी न्या, आत्ताची रेघ दाखवा, वर कुठे पोचायचं तिथे दुसरी रेघ मारा आणि शेजारी महिना लिहा. आमच्या चौकटीवर दोन्ही रेघा अजून आहेत. गेल्या दिवाळीत घर रंगवलं तेव्हा रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला सांगितली.