एडीएचडीच्या तपासणीआधी सासूबाईंची पेटी उघडा

नवऱ्याची एडीएचडीची (लक्ष टिकत नाही, उतावळेपणा होतो अशा, लहानपणापासूनच्या विकाराची) तपासणी ठरली, की अपॉइंटमेंटआधीचा एक रविवार त्याच्या आईकडे घालवा. आम्ही सांगलीहून तासगावला गेलो. आजच्या विसराळूपणावर मानसोपचारतज्ज्ञ थांबत नाहीत. वयाच्या १२ वर्षांआधीही हीच लक्षणं होती का, ते विचारतातच. आणि नेमकं तेच त्याला आठवत नसतं! सासूबाईंनी पत्र्याच्या पेटीतून चौथीचं प्रगतिपुस्तक काढलं. शेरा होता, ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते.’ त्याचा फोटो घेऊन ठेवा.

प्रगतिपुस्तक नसलं, तर थोरल्या नणंदेला विचारा. पण ‘लहानपणी कसा होता?’ असं मोघम नको. त्यावर ‘गुणी होता’ एवढंच उत्तर येतं. दप्तर, डबा, छत्री वर्षातून किती वेळा हरवायची, ते विचारा.

गेल्या ६ महिन्यांतले प्रसंगही लिहून काढा. थकलेलं लाइटबिल, उतू गेलेलं दूध, अर्धवट राहिलेली ऑफिसची कामं. घरचे आणि कामावरचे, दोन्ही हवेत. ही यादी त्याला आधी दाखवा. मी नाही दाखवली. डॉक्टरांसमोर ती तक्रारीसारखी वाजली आणि मिरजेपासून घरापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये एडीएचडी दिसत नाही. तरी थायरॉइड तपासायला सांगितलं, तर कुरकुरू नका. थायरॉइडचा त्रास, अपुरी झोप, चिंता, नैराश्य यांतही लक्ष उडतं. काही औषधांनीही उडतं, म्हणून चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. या कागदांची पिशवी मात्र तुमच्याच हातात ठेवा.