राक्षसपटांची रात्र: जुना आधी, नवा नंतर
भयपटांच्या मोसमात एका रात्रीत चार-पाच राक्षसपट बघायचा बेत असेल, तर कृष्णधवल सिनेमे आधी लावा. १९३१ चा 'फ्रँकेन्स्टाइन' जेमतेम ७० मिनिटांचा, पण चाल संथ. मध्यरात्रीनंतर लावलात तर अर्धी मंडळी घोरायला लागतील, आणि नव्या सिनेमांच्या दणदणाटानंतर तो उगाचच फिका वाटेल.

त्याहून बरं म्हणजे जोड्या लावा. १९५४ चा जपानी 'गॉडझिला' आणि २०२३ चा 'गॉडझिला मायनस वन' पाठोपाठ बघा. दोन्हींतली युद्धाची जखम कुणी समजावून सांगावी लागत नाही. जुना निवडताना मात्र मूळ जपानीच आहे ना, हे तपासा. १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत बरीच कापाकापी करून रेमंड बर हा नट मध्येच घुसवलाय. (मला तरी ते ठिगळ वाटतं.) सबटायटल्स दुपारीच चालवून बघा, ऐनवेळी शोधाशोध नको.

टीव्हीतलं 'मोशन स्मूदिंग', म्हणजे पडद्यावरची हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय, बंद ठेवा. १९३३ च्या 'किंग काँग'मधला वानर म्हणजे एकेक चित्र घेऊन हलवलेली बाहुली. त्या अडखळत्या हालचालीतच खरी गंमत आहे. आणि दिवे पूर्ण मालवा, उजेडात सावल्या दिसतच नाहीत.