क्रूझॉन, एपर्टच्या बाळाचे डोळे कसे सांभाळायचे

कवटीचे सांधे वेळेआधी जुळले की घरच्यांचं सगळं लक्ष डोक्याच्या आकाराकडे आणि ऑपरेशनकडे लागतं. नजर मात्र तक्रार न करता जाते. डोळ्यांची तपासणी ऑपरेशनपर्यंत थांबवू नका.

क्रूझॉन आणि एपर्ट सिंड्रोम हे असे सांधे लवकर जुळणारे जन्मजात आजार. त्यांत डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात. डोळे पुढे येतात, झोपेत पापण्या नीट मिटत नाहीत आणि बुबुळ कोरडं पडून जखम होते. बाळ गाढ झोपल्यावर मंद टॉर्चने फट दिसते का बघा. असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ओलाव्याचे थेंब घाला. रात्री खालची पापणी ओढून आत मलम सोडा. त्याने धूसर दिसतं, म्हणून ते झोपतानाच. पापण्या मिटून ठेवायला टेप लावायला सांगितली असेल तर कातडीवरचं मलम आधी पुसा, नाहीतर टेप सुटून तिची कड बुबुळाला घासते. डोळा लाल झाला, उजेड सोसेना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

कधी रडताना डोळा पापण्यांपुढे येऊन अडकतो. बाळाला उताणं झोपवा, हात धुवा, भरपूर थेंब सोडा. वरची पापणी कडेला धरून वर-पुढे ओढा आणि पांढऱ्या भागावर बोटाने हळू मागे दाबा. काळ्या भागाला हात नको. ही कृती डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या. डोळा आत जात नसेल तर तो थेंबांनी ओला ठेवत थेट इमर्जन्सीत न्या.

डोक्यातला दाब वाढला तर डोळ्याची नस सुजते. बाहुली मोठी करून पडदा तपासायचा तो यासाठी. लहान मुलांत दाब असूनही सूज न दिसणं शक्य आहे, त्यामुळे एका नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका. व्हीईपी (डोळ्याकडून मेंदूपर्यंत संदेश नीट पोचतात का, हे बघणारी तपासणी) लागेल का, तेही विचारा. ‘सूज उतरली’ म्हणाले तर नस गुलाबी आहे की फिकट, हे आवर्जून विचारा. नस सुकल्यावरही सूज दिसेनाशी होते, आणि ती नजर परत येत नाही. सकाळची डोकेदुखी, उलट्या, घोरणं, झोपेत श्वास अडकणं लगेच कळवा.

कपाळाची एकच बाजू चपटी असेल तर सिलिंड्रिकल नंबर बहुधा दुसऱ्या बाजूच्या डोळ्यात जास्त सापडतो. चष्मा दिवसभर हवा. आळशी डोळ्यासाठी (मेंदू नीट न वापरल्याने ज्याची नजर कमी राहते तो डोळा) पट्टी चांगल्या डोळ्यावर, चष्म्याच्या काचेवर नव्हे, कातडीवर चिकटवा. काचेवर लावली की मूल कडेने बघतं. तास डॉक्टर ठरवतील. नजर सुधारली म्हणून पट्टी परस्पर बंद करू नका.